नववीचं वर्ष परमुलखात

नांदेड-देगलूर रस्त्यावर, बिलोली तालुक्यात शंकरनगर आहे. तेलंगणाची सीमा जवळच, त्यामुळे या भागात मराठीबरोबर तेलुगू, उर्दू आणि तांड्यांवरची गोरमाटी सहज कानावर पडते. नांदेड जिल्ह्याचं जवाहर नवोदय विद्यालय इथलं. लातूर जिल्ह्याचंही स्वतंत्र नवोदय आहे. शेतमजुराचं, कोरडवाहू शेतकऱ्याचं लेकरू पाचवीत असतानाच प्रवेशपरीक्षेत दोन तासांत 80 प्रश्न सोडवतं आणि निवड झाली की ट्रंक घेऊन सहावीला इथं दाखल होतं.

1985-86 मध्ये हरियाणातल्या झज्जरला आणि आपल्या अमरावतीला पहिली दोन नवोदयं निघाली. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं या निवासी शाळांच्या योजनेला देशभर वाट करून दिली. आज साडेसहाशेहून अधिक शाळा आहेत. किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांना, एक तृतीयांश मुलींना. मराठवाड्यात पोरीचं लग्न लवकर उरकण्याची घाई अजून सुटलेली नाही. अशा मुलखात मुलगी बारावीपर्यंत सरकारी खर्चानं वसतिगृहात राहून शिकते, ही गोष्ट फार मोलाची आहे.

दिवस पहाटे सुरू होतो. पीटी, आंघोळीसाठी रांग, मेसमध्ये ताट-वाटी घेऊन पुन्हा रांग, असेंब्ली, वर्ग, संध्याकाळी मैदान, रात्री शिक्षकांच्या देखरेखीखाली अभ्यास. अरावली, निलगिरी, शिवालिक, उदयगिरी या चार हाऊसमध्ये मुलं वाटलेली; बालाघाटच्या पठारावरचं पोर महिनाभरात ‘आमची अरावली’ म्हणू लागतं. हाऊस मास्टर सकाळी गणित शिकवतो आणि रात्री कुणाला ताप आहे ते बघतो. त्याचं घरही त्याच आवारात असतं. सुट्टीच्या दिवशीही दारावर थाप पडली की उठायचं.

पण या शाळेतली सगळ्यात विलक्षण गोष्ट म्हणजे मायग्रेशन. नववीतल्या सुमारे 30 टक्के मुलांना वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या प्रदेशातल्या नवोदयमध्ये पाठवतात. इथली मुलं हिंदी पट्ट्यात जातात, तिकडची इकडे येतात. आलेली मुलं मराठी शिकतात आणि भाकरी-ठेच्याशी जुळवून घेतात. आपलं पोर तिकडे रोजच्या बोलण्यातही हिंदी वापरू लागतं. मुळात ही अदलाबदल नववी ते बारावी अशी चार वर्षांची होती. ती आधी दोन वर्षांवर आणि मग एकट्या नववीवर आली. देशाची ओळख पुस्तकातून करून देणाऱ्या शाळा पुष्कळ आहेत. शेजारच्या खाटेवर परराज्यातला मुलगा आणून झोपवणारी सरकारी व्यवस्था मात्र विरळाच, आणि ती जपलीच पाहिजे.

आईबापांना ते पटवणं सोपं नाही. सहावीत घर सुटलंच होतं, आता राज्यही सुटणार. नवव्या वर्गात मुलगी तेरा-चौदा वर्षांची असते. तिला हजारभर किलोमीटरवर पाठवायचं म्हटलं की आईचा जीव थाऱ्यावर राहत नाही. शिवाय काही मुलं दहावी होताच परीक्षांच्या तयारीसाठी गाजलेल्या ‘लातूर पॅटर्न’च्या ओढीनं शाळेबाहेर पडतात. प्रवेशाची झुंजही आता निखळ राहिलेली नाही. ‘नवोदयचे क्लास’ गावोगाव निघालेत, आणि ज्याच्या बापाला फी परवडत नाही ते लेकरू परीक्षेआधीच मागं पडतं. ज्याच्यासाठी ही शाळा काढली, तेच ते लेकरू.

याहून जड गोष्ट वेगळी आहे. 2013 ते 2017 या पाच वर्षांत देशभरच्या नवोदयांमध्ये 49 मुलांनी आत्महत्या केल्याचं ‘इंडियन एक्सप्रेस’नं 2018 च्या डिसेंबरात उघड केलं. त्यांत निम्मी मुलं दलित-आदिवासी घरांतली होती. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं केंद्राला नोटीस पाठवली. त्यानंतर समुपदेशक नेमले जाऊ लागले, पण कंत्राटी पद्धतीनं. अकरा वर्षांचं पोर ज्या माणसाजवळ मन मोकळं करायला शिकतं, तो माणूस कंत्राट संपलं की निघून जातो. मग ओझं पुन्हा हाऊस मास्टरवर, म्हणजे दिवसभर शिकवून थकलेल्या शिक्षकावर.

नवोदय विद्यालय समिती केंद्र सरकारच्या अखत्यारीत येते. नांदेड आणि लातूरच्या खासदारांनी संसदेत एवढ्या दोन मागण्या लावून धराव्यात: प्रत्येक नवोदयात कायमस्वरूपी समुपदेशक द्या, आणि मायग्रेशनला निघालेल्या मुलांसाठी तिकडच्या शाळेत मराठी समजणारं एक तरी मोठं माणूस ठेवा.