गिटारचे ११ स्क्रू

रायपूरच्या पावसाळ्यात दमट हवेने घरातलं लोखंड गंजतं. मुलांची इलेक्ट्रिक गिटारही त्यातून सुटत नाही. तिच्या अंगावरची प्लॅस्टिकची पातळ पट्टी, म्हणजे पिकगार्ड, एकदा नीट बघा. तिच्यामुळे लाकडावर ओरखडे पडत नाहीत. फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये तर पिकअप, स्विच आणि नॉबही याच पट्टीवर बसवलेले असतात. १९५४ साली ही गिटार आली तेव्हा पट्टीला ८ स्क्रू होते. १९५९ मध्ये तीन थरांची पट्टी आली आणि स्क्रू ११ झाले.

हे स्क्रू थेट लाकडात जातात. जोराने पिळले तर भोक सैल होतं, पट्टीला तडाही जातो. म्हणून स्क्रू भोकात ठेवून आधी हलकेच उलटा फिरवा. ‘टक्’ असं जाणवलं की तो जुन्या आट्यांत बसला. मग सुलटा फिरवा आणि पट्टीला टेकला की थांबा. भोक सैल झालंच असेल, तर गूळ काढलेली आगकाडी लाकडाचा गोंद लावून आत बसवा, वर आलेला भाग कापा आणि रात्रभर वाळू द्या. गंजलेला स्क्रू बदलायचा असेल तर जुना दुकानात सोबत न्या.

स्क्रू ड्रायव्हर मात्र मुलांच्याच हाती द्या, तुम्ही शेजारी बसा. स्वतः दुरुस्त केलेली वस्तू मुलं जपून वापरतात.