चैत्यभूमीला जातो, पण मुंबई पाहतो का?

डिसेंबर उजाडला की धरणगाव, एरंडोल, अमळनेर, चोपडा अशा खान्देशातील साऱ्या वस्त्यांत एकच लगबग सुरू होते. भाकरी-चटणीची गाठोडी बांधली जातात, पांढरी लुगडी आणि सदरे धुऊन निघतात आणि जळगावच्या फलाटावर मुंबईच्या गाडीसाठी गर्दी उसळते. ६ डिसेंबरला दादरच्या चौपाटीवर तासन् तास रांगेत उभे राहायचे, चैत्यभूमीला माथा टेकायचा, शिवाजी पार्कवर पुस्तके आणि नवे कॅलेंडर घ्यायचे आणि रात्रीची गाडी धरून परत यायचे. पोटाला चिमटा घेऊन येणाऱ्या या माणसांच्या निष्ठेला तोड नाही.

पण वाचक बंधू-भगिनींनो, आम्ही आमच्या वस्तीत एकदा सहज विचारले, बाबासाहेब मुंबईत कुठे राहत होते? "राजगृहात," असे उत्तर पोरासोरांनीही दिले. त्याआधी कुठे राहत होते? वकिली कुठे केली? धर्मांतराचा विचार मुंबईच्या कोणत्या भागात समाजापुढे मांडला? यावर सारे गप्प. वीस वीस वेळा मुंबईला जाऊन आलेली माणसे गप्प! दोष त्यांचा नाही. त्यांना हाताला धरून कोणी ती मुंबई दाखवलीच नाही.

मोठ्या शहरांत अलीकडे एका विषयाला धरून सहली निघतात. माहीतगार माणूस पुढे चालतो आणि मंडळी त्याच्या मागोमाग जातात. दिसेल ते सगळे दाखवायचे असा प्रकार नसतो. एकच धागा धरायचा आणि त्याच्याच जागा पाहायच्या. मुंबईत कोणी फोर्टातील इंग्रजांच्या वेळच्या इमारती दाखवतो, कोणी सिनेनटांचे बंगले दाखवतो. २०२१ साली महापालिकेची आणि उच्च न्यायालयाची इमारतही मार्गदर्शकासह पाहण्याची सोय झाली. धारावीतही परदेशी पाहुण्यांना गल्लीबोळांतून फिरवतात. मग ज्या मुंबईत आपल्या आज्या-पणज्यांनी घाम गाळला आणि बाबासाहेबांनी लढा उभारला, त्या मुंबईची सहल का निघू नये?

ती निघालीही आहे. २०२२ च्या डिसेंबरात महापरिनिर्वाण दिनाच्या सुमारास राज्याच्या पर्यटन विभागाने मुंबई, नाशिक आणि नागपूर येथे बाबासाहेबांच्या जीवनाशी निगडित स्थळांच्या मोफत सहली सुरू केल्या. त्यात मुंबईत चैत्यभूमी, राजगृह, परळची बी.आय.टी. चाळ, सिद्धार्थ महाविद्यालय अशी स्थळे होती. सरकारने हे केले ते चांगलेच झाले. पण सरकारी बस वर्षातून मोजके दिवस निघते आणि जागाही मर्यादित असतात. आपल्याला आपल्या पायांनी हे करता येणार नाही का? आमच्या वस्तीतील तेवीस जणांनी दोन वर्षांपूर्वी ते केले. म्हणूनच हा लेखप्रपंच.

आमची सहल मुंबईत पोहोचण्याआधी गाडीतच सुरू झाली. यासाठी दिवसाची गाडी धरावी. जळगाव सोडले की चाळीसगाव येते. १९२९ साली सरकारने अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या समितीचे सभासद म्हणून बाबासाहेब खान्देशात आले होते. चाळीसगावच्या स्टेशनवर वस्तीतील लोक त्यांना न्यायला आले, पण महाराला टांग्यात बसवून हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, पण हाकायला बसला तो अननुभवी माणूस. नदीवरच्या फरशीवर चाक दगडांत अडकले, टांगा उसळला आणि बाबासाहेब दगडी रस्त्यावर फेकले गेले. त्यांचा पाय मोडला. विलायतेतून बॅरिस्टर होऊन आलेला माणूस, सरकारी समितीचा सभासद, आणि त्याची ही गत आपल्याच जिल्ह्यात झाली! खिडकीतून चाळीसगावची पाटी दिसली तेव्हा आम्ही हे सांगितले. डब्यातील चार अनोळखी माणसेही कान देऊन ऐकत होती.

पुढे मनमाड येते. येथे १९३८ च्या फेब्रुवारीत रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली होती. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, असे बाबासाहेबांनी तेथेच बजावले. मनमाडपासून जवळच येवला आहे. हिंदू म्हणून मरणार नाही, ही घोषणा तेथे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी झाली. त्यानंतर नाशिक रोड लागते. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी नाशकात सुरू झाला. एका तिकिटात हा एवढा इतिहास खिडकीतून सरकतो आणि आपण शेंगा सोलत बसतो!

मुंबईत आमचे वाटाडे होते गिरणीतून निवृत्त झालेले एक सत्तरीचे गृहस्थ. आमच्या वस्तीतील एका कुटुंबाचे ते नातलग. सगळे त्यांना नानाच म्हणत. दादर स्टेशनवर उतरल्यावर त्यांनी पहिले वाक्य टाकले, "आज पाय दुखतील, तक्रार करायची नाही."

सुरुवात परळच्या बी.आय.टी. चाळीपासून झाली. दुसऱ्या मजल्यावरील ५० आणि ५१ क्रमांकाच्या दोन खोल्या. १९१२ च्या सुमारापासून वीसएक वर्षे बाबासाहेबांचा संसार येथे होता. अमेरिकेला आणि विलायतेला ते गेले ते येथून, आणि परत आले ते येथेच. 'मूकनायक' निघाला त्या १९२० साली त्यांचे घर हेच होते. माता रमाईने गोवऱ्या थापल्या, लेकरे गमावली, तीही याच दिवसांत. शाहू महाराज बाबासाहेबांना भेटायला याच चाळीत आले होते. गॅलरीत उभी असलेली आमच्यातील एक आजी पदर तोंडाला लावून म्हणाली, "इतलीशी खोली, नि इतला मोठा मानूस!" शंभर व्याख्यानांनी जे झाले नसते ते त्या गॅलरीने एका क्षणात केले. आजीला अक्षर येत नाही. तिच्यापुरते बाबासाहेब त्या दिवशी तसबिरीतून उतरून शेजारच्या खोलीत राहायला आले.

नाना चालता चालता गिरण्यांविषयी सांगत होते. गिरणीत अस्पृश्यांना साचेखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या खात्यात घेत नसत. कारण धाग्याचे टोक तोंडाने ओढून धोट्यात घ्यावे लागे आणि त्याचा विटाळ होतो म्हणे! साचेखात्यात पगार जास्त, म्हणून आपली माणसे कमी पगाराच्या खात्यांत अडकून पडली. बाबासाहेबांनी १९२८-२९ च्या संपांच्या वेळी हा प्रश्न उघडपणे मांडला. शिवाशिव म्हणजे देवळापुरती गोष्ट असे समजणाऱ्या आमच्या कॉलेजातील मुलांना ही पगाराची गोष्ट तेथे प्रथमच कळली.

तेथून जवळच नरे पार्क आहे. २४ मे १९५६ रोजी बुद्धजयंतीच्या सभेत, येत्या ऑक्टोबरात आपण बौद्ध धम्माची दीक्षा घेणार, हे बाबासाहेबांनी येथे जाहीर केले. पुढे नायगाव. १९३६ च्या मे महिन्याच्या अखेरीस येथे परिषद झाली आणि 'मुक्ती कोन पथे?' हे भाषण झाले. मग दादरच्या हिंदू कॉलनीतील राजगृह. सुमारे ५० हजार ग्रंथांचे ते घर. माता रमाईने २७ मे १९३५ रोजी अखेरचा श्वास घेतला तो याच वास्तूत. चाळीच्या दोन खोल्या पाहून राजगृहाच्या दारात उभे राहिलो, तेव्हा पुस्तकांसाठी घर बांधणारा माणूस म्हणजे काय ते मुलांना कोणी सांगावे लागले नाही.

दुपारी लोकल धरून फोर्टात गेलो. वाटेत भायखळा लागते. तेथील बाजाराच्या उघड्या शेडमध्ये, बाजार उठल्यावर, भीमराव आणि रमाई यांचे लग्न लागले. फोर्टात एल्फिन्स्टन कॉलेज आहे, १९२३ पासून ज्याच्या पायऱ्या बाबासाहेबांनी वकील म्हणून चढल्या ते उच्च न्यायालय आहे आणि सिद्धार्थ महाविद्यालयाची आनंद भवन व बुद्ध भवन ही वास्तू आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे हे महाविद्यालय २० जून १९४६ रोजी सुरू झाले. नोकरी करून शिकणाऱ्यांना जमावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग असत. दिवसभर कारकुनी करणाऱ्या आमच्यासारख्यांना या सोयीचे मोल वेगळे सांगायला नको. संध्याकाळी सूर्य समुद्रात उतरताना आम्ही चैत्यभूमीवर पोहोचलो. ७ डिसेंबर १९५६ रोजी जेथे चिता पेटली तेथे आता १९७१ साली उभारलेला स्तूप आहे. त्या दिवशी गर्दी नव्हती, घाई नव्हती. वंदना शांतपणे झाली.

आता थोडे कडू बोलतो. ज्या जागा पाहायला जायचे त्या टिकल्या तर पाहू. दादरच्या आंबेडकर भवनाच्या आवारात बाबासाहेबांचा बुद्ध भूषण छापखाना होता. २०१६ च्या जूनमध्ये एका रात्री ती वास्तू पाडली गेली. त्यानंतर मुंबईत प्रचंड मोर्चा निघाला, पण पडलेल्या भिंती मोर्चाने उभ्या राहत नाहीत. गिरण्या गेल्या, चाळी पुनर्बांधणीच्या रांगेत आहेत. त्या भिंतींबरोबर त्यांची गोष्ट सांगणारी नानांसारखी माणसेही दरवर्षी कमी होत आहेत. लोक एखाद्या जागेवर येत राहिले, विचारत राहिले, तर ती जागा पाडणाऱ्याचा हात कचरतो. सहलीचे हे काम निष्ठेइतकेच मोलाचे आहे.

जगात इतरांनी हे केले आहे. अमेरिकेतील बोस्टन शहरात काळ्या लोकांच्या वारशाची एक वाट आखलेली आहे. सुमारे अडीच किलोमीटरची ही वाट सरकारी राष्ट्रीय उद्यान खात्याचे मार्गदर्शक फिरवून दाखवतात. गुलामीतून पळून आलेल्यांना ज्या घरांनी आसरा दिला ती घरे आणि १८०६ साली बांधलेले काळ्यांचे सभागृह त्या वाटेवर आहे. त्यातील बहुतेक घरांत आजही माणसे राहतात, म्हणून पाहुणे रस्त्यावरूनच पाहतात, दार ठोठावत नाहीत. लंडनमध्ये बाबासाहेब १९२१-२२ साली जेथे राहिले ते किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाचे घर महाराष्ट्र सरकारने २०१५ साली विकत घेऊन स्मारक केले. साता समुद्रापलीकडचे घर जपले जाते, मग परळ तर आपल्या घरचे!

बोस्टनची ती शिस्त आपणही पाळावी. चाळ म्हणजे संग्रहालय नव्हे. तेथे कोणाची चूल पेटलेली असते, कोणी रात्रपाळी करून झोपलेला असतो. परवानगीवाचून घरात डोकावू नये, माणसांचे फोटो काढू नयेत, आरडाओरड करू नये, केळीची साले टाकू नयेत. परक्यांनी येऊन आपल्या गरिबीचा तमाशा पाहिला तर आपल्याला झोंबते. मग आपणही बघे होऊ नये, पाहुणे व्हावे.

खर्चाचा प्रश्न उरतोच. आम्ही वर्षभर दर पौर्णिमेला घरटी पन्नास रुपये जमा केले आणि वहीत नोंदी ठेवल्या. मुलांचा व म्हाताऱ्यांचा काही भार सर्वांनी वाटून घेतला. जेवणाची गाठोडी घरची, मुक्काम नातलगांकडे. ६ डिसेंबरला अभिवादनाला जरूर जावे, पण सहलीसाठी गर्दीचा दिवस टाळून थंडीतला एखादा शनिवार-रविवार धरावा. पंधरा-वीस माणसांहून मोठा जथा करू नये, मागच्याला ऐकू येत नाही. आम्ही तेवीस होतो, तर नानांना प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागली. गुडघे दुखणाऱ्यांसाठी मधल्या टप्प्याला टॅक्सी ठेवावी. मुलांच्या हातात एकेक वही द्यावी आणि प्रत्येक स्थळी एक प्रश्न विचारायला लावावा. राजगृह, महाविद्यालय येथे आत जायचे तर आधी विचारून वेळ ठरवावी.

वाटाड्या निवडताना मात्र डोळस राहावे. सन, ठिकाण आणि ऐकीव गोष्ट यांतला फरक ज्याला कळतो, जो माहीत नसेल तेथे "वाचून सांगतो" म्हणतो, तोच खरा. चमत्कार रंगवून सांगणारा नको. आपल्या शिकलेल्या बेकार तरुणांना हे काम का जमू नये? ग्रंथ वाचावेत, वृद्धांना गाठावे, त्यांचे बोलणे मोबाईलवर टिपून घ्यावे आणि गावोगावच्या मंडळींना फिरवावे. मान मिळेल आणि दोन पैसेही मिळतील.

ज्यांना मुंबई परवडत नाही त्यांनी आधी आपला खान्देशच पाहावा. धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर दर ३१ जुलैला भीमस्मृती यात्रा भरते. बाबासाहेबांचे पाय आपल्या मातीलाही लागले आहेत. चाळीसगावला तर एका दिवसात जाऊन येता येते.

तेव्हा येत्या पौर्णिमेलाच विहारात बसा, वही काढा, पहिले पन्नास रुपये मांडा आणि तारीख ठरवा. आपल्या वस्तीतील सर्वांत म्हाताऱ्या आजीचे नाव यादीत पहिले लिहा. पुढच्या वर्षीची वाट तिला परवडेलच असे नाही.

जयभीम!