खोली एक, जोडपी तीन

पहाटे ३.००
बारी गाव, डिसेंबरातला शनिवार. घरी पाहुण्यांच्या मुक्कामाची सोय करणाऱ्या ताईंची चूल पेटली आहे. काल मुक्कामाला आलेलं पुण्याचं जोडपं कळसूबाईवरून सूर्योदय बघायला निघतंय. माथा १६४६ मीटरवर, महाराष्ट्रात सगळ्यात उंच. चढायला तीनेक तास, त्यात लोखंडी शिड्या. चहा कोरा, कारण दूध सहाला येतं. वाट दाखवायला ताईंचे मालक निघतात, हातात बॅटरी, कानाला मफलर. त्यांचे ६०० रुपये. माणसं दोन असोत की दहा, तेवढेच.

सकाळी ७.४५
फोन सुरू. आज रात्रीसाठी तीन जोडपी आणि कडीची खोली एक. कडीची म्हणजे आतून कडी लागते आणि संडास खोलीलाच जोडून आहे अशी. बाकी पडवी, नाहीतर शेतातला टेंट.

डोंबिवलीची मुलगी विचारते, "काकू, लेक व्ह्यू आहे का? आणि प्रायव्हसी?"

"ताई, इथून डोंगर दिसतो, पाणी नाय. टेंटची चेन आतून लागती, पण रात्री संडासाला घराकडं यावं लागंल. वारा सुटला की कापड रातभर फडफडतं. पाणी बघायचं तर भंडारदऱ्याला जावा. अमृतेश्वराचं देऊळ बघायचं असंल तर रतनवाडीला माझी बहीण हाय, तिच्याकडं ऱ्हावा."

गिऱ्हाईक गेलं. ताई बहिणीला फोन लावतात. बहीणही कळसूबाई चढणारे इकडे धाडते. तुझे किती, माझे किती, हा हिशेब दोघींनी कधी मांडलेला नाही.

सकाळी ८.३०
नाशिकच्या जोडप्यानं ५०० रुपये ॲडव्हान्स धाडलेत, खोली त्यांची. राहिले संगमनेरचे निवृत्त मास्तर आणि त्यांच्या मिसेस. मिसेसचा गुडघा दुखतो, टेंटमध्ये वाकून शिरणं जमणार नाही. ताई नाशिकला विचारून बघतात: "दादा, टेंट घेता का? २०० कमी करते." दादा नको म्हणतात. ताई वाद घालत नाहीत. ज्याचे पैसे आधी आले त्याची खोली. मग सासूबाईंची आतली खोली मोकळी करायचं ठरतं, १,२०० रुपयांना. सासूबाई चुलीपाशी झोपतील. हे त्यांना सांगावंही लागत नाही. त्या आपली गोधडी स्वतःच उचलून आणतात.

सकाळी १०.४५
मुंबईचा एक ग्रुप वर गेलाय. उतरून जेवणार, २२ ताटं. पिठलं, नागलीची भाकरी, ठेचा, भात. शेजारची बाई ३०० रुपये रोजानं मदतीला. दोन चुली, दोन काटवटी.

नागलीचं पीठ चिकट नसतं. गरम पाण्यात मळलं नाही तर कडा फाटतात. ताई गोळा तळव्यानं दाबतात, बोटांनी फिरवत मोठा करतात, दोन्ही हातांवर उचलून तव्यावर टाकतात. वरून पाण्याचा हात. पाणी सुकायच्या आत उलटायची. मग तवा बाजूला आणि भाकरी विस्तवाला उभी. एकेकीला दोन-तीन मिनिटं, आणि करायच्या साठ. धुरानं डोळे चुरचुरतात, पण हात थांबत नाही.

सुट्या माणसाला ताट १५० ला. ग्रुप आणणारा १२० देतो, तेही आठवड्यानं. "पण दर शनिवारी माणसं आणतो," ताई म्हणतात. या वाक्यात तक्रार किती आणि हिशेब किती, मला सांगता यायचं नाही.

दुपारी १२.१५
पुणेकर उतरून, अंघोळ करून गेले. खोलीचे पैसे कालच दिलेत. खोली झाडायची, संडास धुवायचा, दोन चादरी आणि अभ्रे दगडावर आपटायचे. विहिरीच्या पाण्यानं बोटं बधिर होतात. ब्लँकेटं धूत नाहीत, उन्हात टाकतात. संडासाला बचत गटाचं कर्ज आहे, महिन्याला २,५०० चा हप्ता. तो बांधायच्या आधी जोडपी जेवून निघून जायची. डोंगरातल्या मुक्कामाचं अर्धं गणित या फरशीवर सुटतं, असं माझं मत.

दुपारी ४.३०
मास्तर एस.टी.नं आले. ताई मिसेसचे बूट बघतात, मग गुडघा. "उद्या पहिल्या शिडीपर्यंत जावा. तिथून मास्तरांना एकट्यांना जाऊ द्या. तुमी घरी या, मी वडे करते." मिसेसना हे पटलेलं दिसतं. मास्तरांना तितकं नाही.

सायंकाळी ६.००
नाशिकची गाडी आली. दादांना माथ्याखाली विहिरीजवळच्या सपाटीवर तंबू ठोकायचा विचार सुचलाय. ताईंचे मालक एवढंच विचारतात, "जड ब्लँकेट आणलंय का?" दादा खोलीत सामान ठेवतात.

रात्री ९.४५
भांडी झाली. ताई वहीत लिहितात. कडीची खोली ॲडव्हान्स धरून १,५००, आतली १,२००, वाट दाखवायचे ६००. एकूण ३,३००. गेले: रोज ३००, दूध १८०, किराणा-भाजी ७४०, लाकडं २००. उरले १,८८०. ग्रुपचे २,६४० येणे.

सासूबाई चुलीपाशी झोपल्यात. गजर तीनचा लावलाय, नाशिककरांनाही सूर्योदय हवाय.

तुम्हाला जायचं असेल तर गुरुवारपर्यंत फोन करा. गुडघा दुखत असेल तर तेही तेव्हाच सांगा.