वडसा : पुलावरून दिसणारे आणि पडद्यावर उभे राहणारे

नदीकाठच्या पुरातन नगराचे उंचावरून रेखाटलेले चित्र म्हटले, की माझ्या डोळ्यांपुढे प्रथम गोवा येतो. आर्चबिशपच्या दफ्तरात चिटणिशी करीत १५८३ पासून काही वर्षे गोव्यात राहिलेल्या लिन्स्खोतेन या डच गृहस्थाच्या ग्रंथात, जो १५९६ साली ॲमस्टरडॅम येथे प्रसिद्ध झाला, मांडवीच्या तीरावरील ते वैभवशाली नगर आपल्या रस्त्यांसह, चर्चांसह आणि पाण्यातील गलबतांसह, जणू घारीच्या नजरेने टिपावे तसे छापलेले आहे. ते चित्र प्रथम पाहिले तेव्हा, आपल्या वडशाचे असे चित्र कोणी का काढले नाही, ही रुखरुख मनाला लागली, ती अद्यापि गेलेली नाही.

वडशाला टेकडी नाही, बुरूज नाही. उंचवटा म्हणावा असा एकच, तो वैनगंगेवरील पूल. ब्रह्मपुरीहून, म्हणजे चंद्रपूर जिल्ह्याच्या हद्दीतून, येणारा मनुष्य या पुलावरून गडचिरोली जिल्ह्यात पाऊल ठेवतो, आणि सांजवेळी येथे थांबला तर त्याला खाली वाळूचे विस्तीर्ण पट्टे, त्यांतून वाट काढणारा प्रवाह आणि पलीकडे धानाच्या बांध्या दिसतात; गाव मात्र झाडांआड लपून राहते. हीच नदी पावसाळ्यात कोणते रूप धारण करते, ते ऑगस्ट २०२०च्या अखेरीस गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडल्यावर दोन्ही तीरांनी अनुभवले.

सरकारदरबारी तालुका आणि नगरपरिषद यांचे नाव देसाईगंज. रेल्वेच्या फलकावर आणि लोकांच्या तोंडी वडसा. गोंदियाहून चांद्याकडे, म्हणजे चंद्रपूरकडे, जाणारा लोहमार्ग, जो पूर्वी अरुंद होता, या गावातून गेला, म्हणून अरण्याच्या वेशीवरील हे ठिकाण व्यापारपेठ झाले; आणि नाटकमंडळ्यांनाही मुक्कामास हेच सोयीचे ठरले असावे, असे मला वाटते.

कारण वडशाची खरी कीर्ती नाटकाची आहे. दिवाळी सरली, धान घरात आले, की झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या या अरण्यप्रदेशात, मंडई नावाच्या जत्रा आणि शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती यांचा हंगाम सुरू होतो; गावोगावचे लोक वडशातील नाटकमंडळ्यांच्या कचेऱ्यांत येऊन नाटक ठरवितात, तारीख पक्की करतात, आणि मग होळीपर्यंत रात्र रात्र प्रयोग चालतात. या रंगभूमीवर आयुष्य वेचणारे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा साऱ्या झाडीची मान उंचावली.

चित्रकार नगर पाहण्यासाठी उंच चढतो. झाडीतला प्रेक्षक मात्र त्यासाठी जमिनीत उतरतो. नाटकासाठी शेतात उतरता खड्डा खणावा, उकरलेल्या मातीने मंच उंचवावा, आणि खाली तणसावर कांबळे पांघरून बसलेल्या माणसांनी वर पाहावे, ही येथली रीत मी लहानपणी पाहिली. वर पडदा असे, त्यावर रंगविलेला रस्ता, दोन्ही बाजूंना माड्या, दूर निमुळते होत गेलेले नगर. कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबुराव पेंटर यांनी नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवून ज्या कलेला प्रतिष्ठा दिली, तिचेच हे दूरच्या आप्ताप्रमाणे अरण्यात पोहोचलेले रूप. रंग ओबडधोबड होते, यथादर्शन चुकलेले होते. परंतु ज्याने नागपूरही पाहिले नव्हते अशा माझ्यासारख्या पोराला नगर म्हणजे काय, हे प्रथम त्या कापडाने सांगितले, आणि ते ऋण मी कोणत्याही संग्रहालयातील चित्रापेक्षा थोर मानतो.

अलीकडे एका पहाटे प्रयोग संपल्यावर मी रेंगाळलो. भैरवी संपून वाद्ये पिशवीत गेली होती. दोघा गड्यांनी पडद्याच्या दोऱ्या सोडल्या, रस्ता, माड्या, आकाश सारे वेळूच्या काठीवर गुंडाळले, आणि ते भेंडोळे गाडीच्या टपावर बांधून वडशाच्या वाटेला लागले.