ओठ आणि आवाज : जुन्या चित्रफितींविषयी थोडेसे

आपल्या ट्रस्टच्या बक्षीस समारंभांच्या जुन्या व्हीएचएस फिती संगणकावर उतरवून घेण्याचे काम गेल्या वर्षी आम्ही अंगावर घेतले. पहिलीच फीत लावली, तो एका दिवंगत सभासदांचे भाषण. त्यांचे ओठ मिटले तरी आवाज चालूच! घरची मंडळी समोर बसली होती. त्यांना काय वाटले असेल ते सांगावयास नको. अशा फिती पुष्कळ कुटुंबांच्या कपाटांत पडून आहेत व वर्षागणिक खराब होत आहेत. म्हणून या दोषाची आम्हांस उमगलेली माहिती येथे देत आहोत.

प्रथम दोष कोणत्या जातीचा हे ओळखले पाहिजे. टाळी वाजली, दार आपटले, असा एखादा क्षण सुरुवातीस, मध्यावर व शेवटी शोधावा आणि आवाज किती मागे पडतो ते मोजावे. व्हीएलसी या प्रोग्रॅममध्ये 'जे' आणि 'के' या कळांनी आवाज ५० मिलिसेकंदांच्या टप्प्याने पुढेमागे सरकतो. मोजण्यास तेवढे पुरे. (मूळ फाइल त्याने बदलत नाही, हे आमच्याही उशिराच ध्यानात आले.)

तिन्ही ठिकाणी अंतर सारखे निघाले, तर सगळा ध्वनी तेवढा सरकविला की काम झाले.

अंतर वाढतच गेले तर मात्र कारण निराळे. चित्र एका यंत्रातून आणि ध्वनी संगणकाच्या साउंड कार्डातून घेतलेला असतो. प्रत्येकाचे घड्याळ वेगळे, आणि दोन घड्याळे तंतोतंत कधीच जुळत नाहीत. समजा, तासाअखेर आवाज १.८ सेकंद मागे पडला. ३६०० सेकंदांत १.८ म्हणजे ०.०५ टक्के. ऑडॅसिटीमध्ये ध्वनीचा वेग तेवढाच वाढवावा; स्वरातला फरक कानाला कळतही नाही. आम्ही प्रथम नुसता सरकवून पाहिला, तो शेवट जुळला आणि सुरुवात बिघडली!

तिसरा प्रकार खरा त्रासाचा. जुन्या फितीवरील चित्र डळमळले की यंत्र मधली काही चित्रे गाळते. आपल्याकडील पाल पद्धतीत सेकंदास २५ चित्रे; ४५ गळाली की तेच १.८ सेकंद. मध्यावरचे मोजमाप हवे ते यासाठीच. तेथे ०.९ च्या आसपास न येता शून्य किंवा पुरते १.८ आले, तर वेग बदलून उपयोग नाही. जेथे उडी पडली तेथेच ध्वनी कापून जोडावा. त्याहून बरे म्हणजे मध्ये टाइम बेस करेक्टर बसवून, चित्र व ध्वनी एकाच यंत्रातून घेऊन, फीत पुन्हा उतरवावी. सबब, फाइल तयार झाली म्हणून मूळ फीत कोणी टाकून देऊ नये.