धंदा आपल्याला जमायचा नाही?

नोकरीच्या मागे न लागता काहीतरी सुरू करतो म्हणणाऱ्या पोराला किंवा पोरीला सातारा-सांगलीकडे घरातून पहिला सवाल येतो, ‘आपल्यात कुणी धंदा केलाय का?’ सवालामागे काळजी असते, पण तिच्या पोटात काही गैरसमजही असतात. ते खोडायला लागणारे बहुतेक दाखले याच दोन जिल्ह्यांत आहेत.

गैरसमज : धंद्याला आधी भांडवल लागतं.

वस्तुस्थिती : आधी गिऱ्हाईक लागतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांची सुरुवात बेळगावातल्या सायकलींच्या दुकानापासून झाली. तिथून ते कडबा कापायच्या यंत्राकडे आणि मग लोखंडी नांगराकडे वळले. १९१० मध्ये बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळ निवडुंगाने भरलेला माळ दिला. तीच आजची किर्लोस्करवाडी. राजाश्रय मिळाला हे खरंच, पण तो नुसत्या कल्पनेला नव्हे, चालत्या कारखान्याला मिळाला.

आज संस्थानिक नसले तरी मुद्रा योजना आहे. तिच्या ‘शिशु’ गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं. सूक्ष्म आणि लघुउद्योगांना निदान १० लाखांपर्यंतच्या कर्जासाठी बँकेने तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. मात्र तारण नाही म्हणजे परतफेड नाही, असं नव्हे. हप्ता थकला की पुढच्या कर्जाची वाट बंद होते.

गैरसमज : माल चांगला असला की आपोआप खपतो.

वस्तुस्थिती : लोखंडी नांगराने जमीन नासते, असा तेव्हा शेतकऱ्यांचा समज होता. किर्लोस्करांचे पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. नांगर चांगला होता, पण तो चांगला आहे हे गिऱ्हाइकाला पटायला तेवढा वेळ लागला. म्हणून नवा धंदा काढताना पहिल्या सहा महिन्यांचा घरखर्च वेगळा काढून ठेवावा. गल्ल्यातले पैसे किराण्याला गेले, की कच्चा माल भरायला काही उरत नाही.

गैरसमज : हे शिकलेल्यांचं काम, त्यातून बायकांना कुठलं जमतंय?

वस्तुस्थिती : माण तालुक्यातल्या म्हसवडमध्ये चेतना गाला सिन्हा यांनी महिलांची बँक काढायचं ठरवलं, कारण रोजची थोडीथोडकी बचत करणाऱ्या बायकांचं खातं उघडायला बँका तयार नव्हत्या. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज फेटाळला. अर्जावर सह्यांच्या जागी अंगठे होते. बायका साक्षरतेच्या वर्गाला बसल्या आणि पुन्हा अधिकाऱ्यांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. आम्हाला वाचता येत नसेल, पण व्याजाचा हिशेब तोंडी घाला, तुमच्या माणसांनीही तो यंत्राशिवाय करून दाखवावा, असं त्यांनी सुनावलं. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. हिशेब त्यांना आधीपासूनच येत होता, अडलं होतं ते सहीपाशी.

गैरसमज : धंदा रक्तात असावा लागतो, आणि दुष्काळी मुलखात तर तो नकोच.

वस्तुस्थिती : विटा, खानापूर, आटपाडी या कोरडवाहू पट्ट्यातल्या शेतकऱ्यांची पोरं पिढ्यान्‌पिढ्या सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात आहेत. केरळ, तमिळनाडूपासून उत्तरेपर्यंत सराफ पेठांत त्यांची दुकानं सापडतात. घरात व्यापाराचा वारसा नव्हता. भावकीतल्या किंवा गावातल्या कुणाच्या तरी दुकानात काम करायचं, जुनं सोनं गाळणं, टंच काढणं हातात बसवायचं आणि मग आपली भट्टी लावायची, अशी ही रीत. रक्तापेक्षा उमेदवारी कामाला आली. तुम्हाला बेकरी काढायची असेल तर आधी वर्षभर दुसऱ्याच्या बेकरीत काम करा.

गावात राहूनही धंदा उभा राहतो. चितळ्यांची डेअरी १९३९ मध्ये कृष्णाकाठच्या भिलवडीत सुरू झाली. तिथे दूध होतं आणि माल पाठवायला रेल्वे होती.

गैरसमज : कागदपत्रांतच माणूस संपतो.

वस्तुस्थिती : छोट्या उद्योगांची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी आधारवर, ऑनलाइन आणि मोफत होते. त्यासाठी एजंटाला पैसे मोजायचं कारण नाही. महाराष्ट्रात वर्षाची उलाढाल मालाच्या विक्रीत ४० लाखांच्या आणि सेवेत २० लाखांच्या आत असेल, तर जीएसटी नोंदणी साधारणपणे सक्तीची नाही. माल परराज्यात विकायचा असेल, तर मात्र नियम वेगळे. खाण्याच्या पदार्थांना अन्नसुरक्षेची नोंदणी हवीच, मग धंदा घरातून का चालेना.

गैरसमज : विक्री झाली म्हणजे कमाई झाली.

वस्तुस्थिती : बरेच धंदे इथे बसतात. समजा, सांगलीतल्या एका ताईंनी महिन्याला ६० हजारांचा भडंग विकला. चुरमुरे, तेल, शेंगदाणे, मसाला, गॅस आणि पिशव्या मिळून खर्च ४५ हजार. वहीत १५ हजार नफा दिसतो. पण दुकानदारांकडे २० हजार उधारी अडकली, म्हणजे हातात आले ४० हजार आणि गेले ४५. शिवाय ताईंची स्वतःची मजुरी धरलेलीच नाही. असा नफा तीन महिने झाला, तर चौथ्या महिन्यात तेल आणायला पैसे राहणार नाहीत.

कायदा इथे मदतीला आहे. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचं बिल खरेदीदाराने जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकवायचं असतं, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाल्यास चक्रवाढ व्याज लागतं. म्हणून नोंदणी आधी करा आणि प्रत्येक विक्रीचं बिल द्या. तोंडी उधारी कायद्यापुढे सिद्ध करणं अवघड जातं.

सगळ्यांचे धंदे चालतात असं नाही, काही बुडतातही. पण बुडतात ते बहुधा आडनावामुळे किंवा तालुक्यामुळे नव्हे, हिशेब न ठेवल्यामुळे. सातारा आणि सांगली दोन्हीकडे जिल्हा उद्योग केंद्र आहे, योजनांची माहिती तिथे मिळते. तिथे जाण्याआधी मात्र एका कागदावर दहा जणांची नावं लिहा, तुमचा माल रोख पैसे देऊन घेतील अशांची. दहा नावं भरली, तर घरातल्या सवालाचं निम्मं उत्तर तयार झालं. नाही भरली, तर कर्जाचा अर्ज करायची वेळ अजून आलेली नाही.