औषध मारायला निघालाय व्हय?

तासगावात रथाच्या दिवशी मी जॅकेट चढवून, पट्टे आवळून, त्यावर स्प्रिंगचा हात अडकवून गल्लीच्या तोंडाशी उभा होतो. शेजारी एक आजोबा. टोपीवर सकाळीच गुलाल पडलेला. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "पावनं, औषध मारायला निघालाय व्हय?"

द्राक्षबागांच्या तालुक्यात अंगावर पट्टे दिसले की फवारणीचा पंपच आठवणार. मी हसून मान डोलावली. पण अंगावर चढवायच्या स्टॅबिलायझरबद्दल मी जे काही वाचलं-ऐकलं, त्यात आजोबांच्या प्रश्नाइतकं नेमकं काही सापडलं नाही. पंप घेताना शेतकरी टाकी किती लिटरची एवढंच बघत नाही. पट्टा खांद्यात रुततो का, दिवसभर वागवता येईल का, हेही बघतो. आम्ही शूटिंगवाले मात्र 'किती किलो पेलतो' एवढं विचारतो आणि पैसे मोजून मोकळे होतो.

आता कुणी म्हणेल, हातात धरायचा गिंबल असताना ही झूल कशाला? गिंबलच्या तीन मोटारी कॅमेऱ्याचं कलणं, वळणं आणि मान हलवणं सावरतात. पण चालताना आपलं अख्खं शरीर खालीवर होतं, त्यावर त्यांच्याकडे इलाज नाही. चित्र सरळ राहतं, पण हिंदकळतं. लग्नाच्या व्हिडिओत नवरी बोटीतून आल्यासारखी वाटते ती त्यामुळे. शिवाय कॅमेरा, लेन्स आणि गिंबल मिळून तीन किलोच्या आसपास वजन हात पुढे करून धरायचं. दहा मिनिटं मजेत जातात. अर्ध्या तासानं दंड भरून येतात आणि मग हातच थरथरायला लागतो. म्हणजे ज्या थरथरीसाठी पैसे घातले, तीच परत.

यावर पहिला पक्का तोडगा काढला अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या गॅरेट ब्राऊननं, १९७०च्या दशकात. नमुन्याच्या फिल्मसाठी त्यानं आपल्या मैत्रिणीला तिथल्या कलासंग्रहालयाच्या पायऱ्यांवरून धावायला लावलं आणि कॅमेरा घेऊन स्वतः मागे पळाला. ती फिल्म पाहून दिग्दर्शक जॉन अॅव्हिल्डसननं विचारलं, या पायऱ्या आहेत कुठे? 'रॉकी'मधला मुष्टियोद्धा धावत चढतो त्या याच. हे यंत्र वापरलेले 'रॉकी' आणि 'बाऊंड फॉर ग्लोरी' हे दोन्ही चित्रपट १९७६चे. त्याचं नाव स्टेडीकॅम.

त्याचे भाग तीन. जॅकेट, स्प्रिंगचा आर्म आणि उभा दांडा. दांड्याच्या डोक्यावर कॅमेरा, तळाशी बॅटरी आणि मॉनिटर. वजन असं दोन टोकांना पांगवलं की दांडा सहजी गिरकत नाही. डोंबारी तारेवर लांब काठी घेऊन चालतो, तीच युक्ती. स्प्रिंगचा आर्म वजन तोलून धरतो आणि पावलांचे हिसके गिळतो. तोल सावरायला मोटार नाही, चार्जिंग नाही. सगळं कसब बोटांत.

आज बाजारात तीन वाटा आहेत. पहिली ही जुनी, दांड्याची. दुसरी म्हणजे तेच जॅकेट, तोच आर्म, पण दांड्याऐवजी टोकाला गिंबल. तिसरी स्वीडनच्या योहान हेलस्टेन या कॅमेरामननं काढलेली ईझीरिग. पाठीमागून डोक्यावर येणारी दांडी आणि तिला दोरीनं टांगलेला कॅमेरा. ती पाठ वाचवते, पण चालतानाचा हेलकावा नुसत्या दोरीनं जात नाही. मुलाखती, माहितीपट आणि तासन्‌तास उभं राहून करायच्या कामाला ती उत्तम. परदेशी बनावटीचा चांगला संच लाखांत जातो. चंदीगडची फ्लायकॅम त्या मानानं आवाक्यात. आपल्याकडचे बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात.

माझं मत विचाराल, तर एकट्यानं काम करणाऱ्यानं दुसरी वाट धरावी. दांड्याचं यंत्र अंगवळणी पडायला महिने लागतात आणि लग्नाच्या सीझनला तेवढा वेळ कुणाकडे नसतो. अपवाद तासगावचा. गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी पटवर्धनांच्या गणपतीचा रथ दोरांनी ओढत काशीविश्वेश्वराकडे नेतात, तेव्हा गुलालाचा थर बोटभर साचतो. एका वर्षी तो बारीक गुलाल माझ्या गिंबलच्या मोटारीत गेला आणि रथ ऐन वळणावर असताना कॅमेऱ्यानं मान टाकली. दुरुस्तीवाला म्हणाला, "दादा, हे वॉरंटीत नाही बसत." तेव्हापासून गुलालाला दांडा, बाकी ठिकाणी गिंबल.

विकत घेताना जॅकेट अंगात घालून बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. फोटोत सगळीच जॅकेटं छान दिसतात. वजन बसलं पाहिजे कमरेच्या हाडावर. ढोलवाला ढोल गळ्यात अडकवून थांबत नाही, कमरेला आवळतो. बायका घागर कमरेवरच घेतात. कमरपट्टा घट्ट करून खांद्याचे पट्टे सैल सोडा. जॅकेट खाली घसरलं, तर ते तुमच्या मापाचं नाही. मी पहिलं जॅकेट दुकानदाराच्या "सगळ्यांना बसतं" या शब्दावर आणलं होतं. ते सहा फुटी माणसासाठी शिवलेलं. माझ्या अंगावर कमरपट्टा मांडीवर यायचा.

मग आर्म. जास्तीत जास्त किती पेलतो हे सगळे विचारतात, कमीत कमी किती लागतं हे कुणी विचारत नाही. जड कॅमेऱ्यासाठीच्या आर्मला हलका मिररलेस लावला की आर्म आभाळाकडे बघत राहतो, दाबला तरी खाली येत नाही. अशा वेळी वजन वाढवावं लागतं. मी मिरजेतल्या एका लेथवाल्याकडून लोखंडी चकत्या करून घेतल्या. तो म्हणाला, "एवढंच?" बरोबर आहे, शेजारच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी अख्खा कॅमेरा घडवला होता.

आर्म जॅकेटला जोडतो तिथे दोन स्क्रू असतात. एक डाव्या-उजव्या कलासाठी, दुसरा पुढच्या-मागच्या. हात सोडले की आर्म दूर पळत असेल, तर दोष बहुधा यंत्रात नसून या स्क्रूंत असतो. दांड्याचा बॅलन्स तपासायची रीत सोपी आहे. तो आडवा धरून सोडून द्यायचा. उभा व्हायला दोन ते तीन सेकंद लागले की झालं. धाडकन उभा राहिला तर तळ जड आहे.

एक गोष्ट मात्र कुठल्याच जाहिरातीत ठळक नसते. जॅकेट एका झटक्यात सुटतं का? वाईजवळच्या बावधनला रंगपंचमीला भैरवनाथाचं बगाड निघतं, शिवारातून बैल ते ओढत आणतात. ढेकळांत पाय अडकून पडलात आणि मागून बैल येत असतील, तर चार बकलं सोडत बसायला सवड नसते. एक पिन ओढली की सगळं गळून पडलं पाहिजे. कॅमेरा गेला तर जाऊ दे.

बैलगाडी शर्यतींना मात्र हे ओझं नेऊ नका. २०१४ची बंदी २०२१च्या डिसेंबरात उठली, २०२३मध्ये घटनापीठानंही शर्यतींना मान्यता दिली आणि साताऱ्या-सांगलीत मैदानांना, पाठोपाठ यूट्यूबवाल्यांना, उधाण आलं. पण छकडा डोळ्यांसमोरून क्षणात जातो. तिथे उंचवट्यावर ट्रायपॉड लावावा आणि निवांत भेळ खावी.

या जॅकेटचं खरं काम वारीत. लोणंदहून तरडगावकडे माऊलींच्या पालखीसोबत चालताना दिंडीच्या आत शिरून मागे-मागे सरकत शूट करता येतं. पण टाळ-मृदंग कानावर पडले की पाय आपसूक ठेक्यात पडतात आणि फुटेजही ठेक्यात डुलायला लागतं. पहिल्या वर्षीची माझी अख्खी दिंडी अशी डुलते आहे. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण लागलं, की कॅमेरा छातीशी घेऊन गप रांगेत उभं राहावं. घोडा कुणासाठी थांबत नाही.

नजर मॉनिटरवर असल्यानं पायाखालचं दिसत नाही. म्हणून मागे कमरपट्टा धरून चालणारा माणूस हवा. माझा भाचा हे काम करतो. गेल्या हिवाळ्यात मेणवलीच्या घाटावर गेलो होतो. 'स्वदेस'मध्ये दिसलेला तो घाट एका सलग शॉटमध्ये उतरून कृष्णेच्या पाण्यापर्यंत जायचं होतं. शॉट पहिल्यांदाच मनासारखा जमला. घरी येऊन हेडफोन लावला, तर प्रत्येक पायरीला भाच्याचा दबका आवाज, "मामा, पायरी. मामा, पायरी." शेवटी पाण्याशी आल्यावर, "मामा, बास."